हळदीच्या वासाची गाडी

दिवाळीच्या पाडव्याला सुनेनं आष्ट्याहून जुनी गाडी आणली. मी गोठ्यात म्हशीपुढं वैरण टाकत होते. हॉर्न ऐकून बाहेर आले तर दारात पांढरी छोटी मोटार आणि स्टेअरिंगवर आमची सून. उतरायला गेली तर आतल्या कडीनं दार उघडेना. मग तिनं काच खाली केली, हात बाहेर काढला आणि बाहेरच्या कडीनं दार उघडलं. उतरल्यावर काच वर करायला गेली, तर काच धपकन दाराच्या आतच पडली.

"आत्या, कशी आहे?" तिनं विचारलं.

"दुसऱ्याची हाय एवढं दिसतंय," मी म्हटलं.

घरात आम्ही दोघीच. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा फौजेत आहे, सुट्टी मिळेल तेव्हा येतो. सून नर्स आहे. आधी ती कराडला कामाला होती, तेव्हा एसटीनं भागत होतं. दिवाळीच्या तोंडावर तिला कोयनानगरला सरकारी दवाखान्यात नोकरी लागली. नोकरीबरोबर राहायला क्वार्टर मिळत होतं. तिथल्या पाळ्यांच्या वेळा अशा, की एसटी काही जमणार नव्हती. म्हणजे एकतर तिनं रोज स्वतःच्या गाडीनं जाऊन यायचं, नाहीतर म्हैस विकून, घराला कुलूप घालून आम्ही दोघींनी क्वार्टरात जायचं.

मी जाणार नव्हते. तिकडं जमीन हलते, त्याचं मला काही नाही. या वयात हलली काय आणि न हलली काय. पण माझं घर सोडून दोन खोल्यांत बसून काय करायचं? भिंती बघायच्या? हे मी सुनेला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "मग मी एकटीच राहू का तिकडं?" मी म्हटलं, "राहा." त्या दिवसापासून भाकरी वाढायची, ताट उचलायचं, बोलायचं नाही. मग ती उठली आणि गाड्या बघायला लागली.

मुलाला गाडी पसंत नव्हती. फोनवर त्याचं तोंड दिसत होतं, मागं बर्फ. "घाटाचा रस्ता हाय आई. रोजचा. नवी गाडी आपल्याला झेपत न्हाई आन् जुनीचा भरवसा न्हाई. क्वार्टर घ्या न् मोकळ्या व्हा." सून म्हणाली, शनिवारी तिकडं जाऊन क्वार्टर हवं की नको ते सांगायचं आहे, मी याच गाडीनं जाऊन येते. गाडी नीट गेली तर क्वार्टर नको. मुलगा म्हणाला, "आन् न्हाई गेली तर?" ती म्हणाली, "तर घेते." मला कुणी विचारलंच नाही. पण शनिवारी माझाही निकाल लागणार हे मला कळलं.

गाडी आष्ट्याच्या एका जैन शेतकऱ्याची होती. हळदीचा व्यापारही करायचे. आता डोळे अधू झाले म्हणून विकली. सुनेला त्यांनी सांगितलं होतं, "बाई, हिचे पुढचे दिवे कोरे आहेत. दिवस मावळायच्या आत जेवायला घरी यायचं असतं आम्हाला, त्यामुळं अंधारात ती कधी फिरलीच नाही." ते खरं होतं. दिव्यांच्या काचा नव्या घागरीसारख्या चकचकीत. पण दार उघडलं की हळदीचा वास असा यायचा, जसं लग्नघर. सीटच्या शिवणीत हळद, पायपुसण्याखाली हळद. मी बसून उठले तर लुगड्याला पिवळं लागलं.

शेजारी माझा चुलत दीर राहतो. तो ताबडतोब हजर झाला. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि म्हणाला, "वैनी, जुनी गाडी म्हंजे दुसऱ्याचं पायताण. घालायचं, पर चावतंय कुठं ते त्येलाच ठावं."

"तुमी तर अजून सायकलवर हाय भावजी," मी म्हटलं. "तुमाला काय चावतंय?"

"मला काय चावायचं? माझी सायकल माझीच हाय."

तरी पूजा त्यानंच मांडली. जुनी असो नवी असो, लोखंड दारात आलं की त्याला हळदकुंकू लागलंच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. आणि झेंडूची माळ. माळ कसली, दोरखंडच. पाडव्याला झेंडू मुबलक असतो, त्यानं शेतातला सगळा खुडून आणला होता. गाडीच्या पुढच्या जाळीवर त्यानं ती दोन पदरी, तीन पदरी अशी घट्ट बांधली. "आता दिसतीया गाडी," म्हणाला. गाडी बैलपोळ्याच्या बैलासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सून गाडी घेऊन कराडला गॅरेजला गेली. तिथल्या मिस्त्रीनं ब्रेक बघितले, ऑइल बदललं, चाकं बघितली. मोठं काही नाही म्हणाला. दाराचं न् बाकीचं किरकोळ काम आहे, पण ते आत्ता होणार नाही. कारखाने सुरू झालेले, गॅरेजपुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. या दिवसांत ट्रॅक्टर सोडून दुसऱ्या कशाला कुणी हात लावत नाही. सून परत आली आणि मोबाईलवर गाडीचं दार कसं खोलतात त्याचा व्हिडिओ बघत बसली. मग मालकांची पाण्याच्या इंजिनाच्या हत्यारांची पेटी काढून आणली. पाने, पकड, स्क्रू ड्रायव्हर.

"तुला जमणार हाय का?" मी विचारलं.

"माणसाच्या शिरेत सुई घालते मी आत्या. हे तर दार आहे."

"माणूस बोंबलतंय तरी. दार काय बोलतंय?"

मी धान्य निवडायचं सूप घेऊन जवळच बसले. स्क्रू हरवू नयेत म्हणून ती एकेक काढून माझ्या सुपात टाकत होती. दाराच्या आतल्या अंगाचं प्लॅस्टिकचं फळकूट कडाकड आवाज करत सुटलं तेव्हा मला वाटलं मोडलंच. त्यातून चिमूटभर हळद भुरभुरत खाली आली. मागं एक पातळ कागद चिकटवलेला होता, तो तिनं अलगद सोलला, जखमेवरची पट्टी काढावी तसा. आणि मी आत बघितलं.

आत रहाट होता.

मी खोटं सांगत नाही. वर एक चाक, खाली एक चाक, दोन्हीवरून गेलेली पोलादी तार, आणि त्या तारेला मधे काच अडकवायची पट्टी. आपण हँडल फिरवायचं, चाक फिरणार, तार सरकणार, आणि काच वर येणार, पोहरा वर येतो तशी. मी लहानपणापासून विहिरीवर रहाट ओढला. हाताला घट्टे पडले. आणि हे एवढंसं दार, हातभर रुंदीचं, त्याच्या पोटात कुणीतरी अख्खी विहीर बसवून ठेवली होती. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांत बसले, लग्नाला गेले, मयताला गेले, काचा वर-खाली केल्या. आत काय आहे हा विचार मनाला शिवला नाही. दार म्हणजे पत्रा, एवढंच मला ठाऊक.

"थांब," मी म्हटलं. "फिरव की जरा."

तिनं हँडल फिरवलं. तार सरकली. पट्टी मोकळीच वर आली, कारण काच तिच्यातून सुटून खाली पडली होती. मी पुन्हा फिरव म्हटलं. तिनं पुन्हा फिरवलं. ती माझ्याकडं बघायला लागली.

"आत्या, काम करू द्या की."

काच धरणारे बोल्ट ढिले पडले होते, एवढाच दोष. मी दाराच्या आत हात घालून काच खालून उचलून धरली आणि तिनं बोल्ट आवळले. दार आतून उघडत नव्हतं त्याचं कारणही तिथंच होतं. कडीपासून कुलपापर्यंत एक सळई जाते, जनावराच्या दाव्यासारखी, ती एका टोकाला निसटली होती. तिनं ती बसवली, कडी ओढली आणि टक्कन कुलूप सुटलं. त्या टक्कनला मला हसू आलं. मी फारशी हसत नाही.

मग पुढच्या दिवशी दुसरं निघालं. सकाळी गाडी चालूच होईना. आतला वरचा दिवा रात्रभर जळत राहिला होता आणि बॅटरी उतरली होती. भावजी कुंपणाशी उभा राहून दात घासत होता. तो म्हणाला, "झालं का? म्हटलं न्हवतं मी?"

"काय म्हटलं होतं?"

"काय बी म्हटलं आसंल. ढकलायची हाय का सांगा."

त्यानं आणि मी गाडी ढकलली. म्हाताऱ्या बाईनं गाडी ढकललेली बघून रस्त्यावरचे दोघं आपणहून हात लावायला आले. गाडी चालू झाली. सुनेनं मग दाराची चौकट बघितली. तिथं एक बटण असतं, दार मिटलं की ते दाबलं जातं आणि दिवा विझतो. म्हणजे दार मिटलंय हे गाडीला त्या बटणामुळं कळतं. ते बटण काल भुरभुरलेली हळद आणि तेल यांच्या चिकट राड्यात बाहेरच अडकून बसलं होतं, दार मिटलं तरी पुरतं दाबलं जात नव्हतं, म्हणून गाडीला दार सतत उघडंच वाटत होतं. पेट्रोलचा बोळा आणि जुना दातांचा ब्रश घेऊन मी ते घासलं. हे काम माझं. भांडी घासून हात तयार झालेत. बटण मोकळं झालं, मी बोटानं दाबलं, दिवा गेला. सोडलं, दिवा आला. मी किती वेळा दाबलं ते सांगत नाही.

शनिवारी आम्ही दोघी निघालो. मी येते म्हटल्यावर सुनेनं माझ्यासाठी पुढचं दार उघडलं. बसल्यावर सीटचा पट्टा लावायला लावला. "गाय बांधावी तसं कशाला बांधतीस?" म्हटलं तर म्हणाली, "गाय पळून जाते म्हणून बांधतात. तुम्ही पुढं जाऊन आपटू नये म्हणून." भावजीनं बांधलेली माळ पुढं तशीच होती, जरा वाळलेली.

पाटणपर्यंत गाडी छान गेली. उसाच्या ट्रॉल्या मागं पडल्या, डोंगर दोन्हीकडून जवळ आले. सून गाडी चांगली चालवते. घाई नाही. मी तिच्याकडं बघत होते. आमच्या घरात ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, पण बाईनं चाक हातात धरलेलं मी माझ्या दारात पहिल्यांदाच बघितलं. ती गिअर बदलायची तेव्हा खाली बघायचीसुद्धा नाही. हात आपोआप जायचा, जसा आपला हात अंधारात मिठाच्या डब्यावर जातो.

मग चढ लागला. वळणं लागली. समोरच्या तबकडीत एक काटा असतो, इंजिन किती तापलंय ते सांगणारा. तो मधे होता तो हळूहळू वर जायला लागला. सून वळणाकडं बघायची, काट्याकडं बघायची. मी काट्याकडंच बघत होते. तो लाल पट्ट्याला टेकला तेव्हा कढ आल्यासारखा वास आला. तिनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

आवाज बंद झाला. पाणी खळखळताना ऐकू येत होतं. पुढच्या टोपणाखालून वाफ येत होती.

सून स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "झालं आत्या. ह्यांचंच खरं. क्वार्टर घेऊ या."

"गार तर होऊ दे."

"गार होऊन काय होणार? रोज का अशी थांबत थांबत जाणार मी? पाळीला उशिरा पोचून चालत नाही. तिथं माणसं पडलेली असतात."

ती खोटं बोलत नव्हती. मी खाली उतरले. मला रडू वगैरे आलं नाही. मी म्हशीचा विचार करत होते, कोण घेईल, किती दूध आहे ते त्याला खरं सांगायचं की नाही. खोटं सांगून म्हैस विकता येते. पण घर सांभाळायला कुणाला सांगणार.

सुनेनं टोपण उघडून टेकू लावला. पाण्याच्या झाकणाला आम्ही हात लावला नाही. कुकर शिट्टीवर असताना झाकण काढत नाहीत एवढी अक्कल दोघींना होती. बसून राहिलो. एक-दोन गाड्या थांबल्या, विचारपूस केली, गेल्या. बऱ्याच वेळानं ती उठली, मोबाईलची बॅटरी लावून पुढच्या जाळीतून आत बघायला लागली.

"आत्या, आतही हळद आहे का हो? पिवळं दिसतंय."

मी वाकले. माळेमुळं काही दिसेना म्हणून मी आधी माळ तोडली. जाळीच्या आत उभी, काळी, फार बारीक जाळी होती. ताटाएवढ्या जागेत इतकी बारीक घरं, की मधमाशीनं केली असती तरी तिची पाठ थोपटली असती. आणि त्या जाळीच्या मागं तसलीच दुसरी जाळी. दोन्हींच्या मधे पिवळं, तपकिरी, काळं असं काहीतरी दाबून बसलं होतं. उशीत कापूस असतो तसं.

"वारा जायला पाहिजे ना यातून?" मी विचारलं.

"व्हय की," सून म्हणाली. घाबरली की ती आमच्यासारखी बोलते.

रस्त्याच्या कडेला कारवी होती. मी दोन बारीक सरळ काड्या मोडून आणल्या, टोकाला वाकवल्या आणि दोन्ही जाळ्यांमधल्या वरच्या फटीतून घातल्या आत. पहिल्यांदा निघाल्या त्या आमच्याच माळेतल्या पाकळ्या, अजून नारिंगी. त्याच्या खाली झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, तपकिरी. त्याच्या खाली आपट्याची पानं. मग काळा दोरा, त्याला मिरचीचा देठ. उसाच्या तुऱ्याचा भुसा. पुन्हा झेंडू, पण आता चुरा. पुन्हा आपटा, नुसत्या शिरा उरलेल्या. हळद सगळीकडं. ओढावं तेवढं निघत होतं. थर एकमेकांना चिकटून घट्ट झाले होते, जुन्या गोधडीत आतली लुगडी एकजीव होतात तसे. ओंजळीत घेऊन बघितलं तर ते गरम होतं.

मी तशीच उभी राहिले. आष्ट्यातला तो माणूस मी बघितलेला नाही. पण दर दसऱ्याला तो या गाडीसमोर उभा राहिला होता. तिला माळ घातली, सोनं वाहिलं, हळद लावली. पाकळ्या गळून आत जात राहिल्या. कुणाला काय कळणार? त्याच्या घरचे सगळे दसरे या जाळीच्या मागं एकावर एक साठले होते. आणि सपाटीवर, आष्टा ते सांगली, गाडीनं ते सगळं पोटात ठेवून निमूट काम केलं. वर आमच्या भावजीनं नवा पाडवा दाबून बसवला तेव्हा तिला श्वास पुरेना. सगळ्यांनी तिचं भलंच चिंतलं होतं.

सून माझ्या हातातलं घेऊन रस्त्याकडेला टाकायला निघाली.

"टाकू नको. निर्माल्य हाय ते."

"कुणाच्या देवाचं?"

"त्या लोकांच्या गाडीचं. गाडी आता आपली हाय."

मी ते पदरात घेतलं आणि एका जांभळीच्या बुंध्याशी ठेवलं. आमची तुटकी माळ पण तिथंच ठेवली. तोवर सुनेनं बाटलीतलं पाणी जाळीवर शिंपडून उरलंसुरलं धुतलं. जाळी स्वच्छ झाली तेव्हा तिच्यातून पलीकडचा पंखा दिसला. मघाशी दिसत नव्हता. मग फडक्यानं झाकण धरून तिनं पाणी भरलं. पाणी बरंच लागलं, माझ्या प्यायच्या बाटलीतलं पण गेलं.

"लावू?" तिनं विचारलं.

"मला काय विचारतीस? नर्स तू हायस."

गाडी सुरू झाली. मी पुढंच उभी होते. जरा वेळानं आतला पंखा फिरायला लागला आणि माझ्या पदराचं टोक हळूच त्या जाळीकडं ओढलं गेलं. मी पदर धरला. वारा आत जात होता.

चढ पुन्हा सुरू झाला. सुनेनं मला सांगितलं, "तुम्ही काट्याकडं बघा, मी रस्त्याकडं." मी बघितलं. काटा मधे आला आणि तिथंच राहिला. वळण आलं, मधे. मोठा ट्रक पुढं रांगत होता, त्याच्यामागं आम्हीही रांगत गेलो, तरी मधे. बाहेर धरणाचा डोंगर कधी आला, पाणी कुठं दिसलं, मला ठाऊक नाही. सून म्हणत होती आत्या बघा बघा. मी काट्यावरची नजर काढली नाही. एवढ्याशा काट्याला इतकं कळतं, आणि तो खोटं बोलत नाही, याचं मला राहून राहून नवल वाटत होतं. माणसं चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. गाडी मात्र पोटात काय चाललंय ते उघड सांगते.

दवाखान्याच्या आवारात तिनं गाडी झाडाखाली लावली आणि आत गेली. मी गाडीतच बसले. काचा वर-खाली केल्या. मग उतरले.

ती बाहेर आली तेव्हा चालण्यावरूनच कळलं. तरी मी विचारलं.

"क्वार्टर नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या एका सिस्टरला पाहिजेच होतं, तिला देतील." मग गाडीची किल्ली काढत म्हणाली, "उद्यापासून पहाटे उठावं लागेल मला. डबा तुमच्याकडं."

"मी कधी उशिरा उठलीय?"

"तसं नव्हे. सांगितलं आपलं."

ती गाडीत बसायला निघाली. मी म्हटलं, "जरा थांब. ते टोपण उघड."

तिनं काही न विचारता उघडलं आणि टेकू लावला. आम्ही दोघी वाकून आत बघत राहिलो. नळ्या होत्या, तारा होत्या, पट्टे होते. कुठली कुठं जाते ते मी बोटानं माग काढत विचारत होते. तिला ठाऊक होतं तेवढं ती सांगत होती, नव्हतं तिथं माहीत नाही म्हणत होती. आवारातून एक शिपाई चालला होता. दोन बायका इंजिनात वाकलेल्या बघून तो जवळ आला.

"काय बिघाड झालाय का आजी? मिस्त्री बोलवू?"

"न्हाई," मी म्हटलं. "काई झालं न्हाई. बघतोय नुसतं."